सोनघंटा : सह्याद्रीतील एक दुर्मिळ झुडूप

कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणारा रस्ता ज्या घाटातून कोकणात उतरतो, तो आंबा घाट. तेथील रानात सोनघंटा नावाचे एक झुडूप आढळते. वुड्रो आणि स्टाफ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि वुड्रो यांच्यासमवेत काम करणारे पुण्याचे वनस्पतिसंग्राहक रानडे यांच्या गौरवार्थ त्यास ‘अब्यूटिलॉन रानडेई’ हे नाव दिले.

हे झुडूप जास्वंद, भेंडी आणि कापूस यांच्या कुळातील आहे. जास्वंदीप्रमाणेच याच्याही फुलात पुंकेसरांचे दांडे जुळून एक नळी झालेली असते. झुडूप पुरुषभर किंवा त्याहूनही उंच वाढते. पावसाळा सरून थंडी पडली की त्याला नारिंगी-पिवळ्या रंगाची, लालसर शिरांची फुले येतात. ती घंटेसारखी खाली लोंबतात, म्हणूनच हे मराठी नाव.

विद्यार्थी मला विचारतात, हे झुडूप सर्वत्र का उगवत नाही? वनस्पतीला केवळ माती पुरत नाही. उताराची जमीन, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, नंतरचा कोरडा काळ आणि रानाच्या कडेचे ऊन या साऱ्यांचा मेळ लागतो. सोनघंटा महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील मोजक्याच ठिकाणी सापडते. जगात अन्यत्र ती नैसर्गिकरीत्या उगवत नाही. अशा वनस्पतीस प्रदेशनिष्ठ म्हणतात. तिचे क्षेत्र इतके लहान असल्यामुळे उन्हाळ्यातला एक वणवा किंवा रस्ता रुंद करताना खोदलेली एखादी दरडही तिच्या एका वसतिस्थानाचा शेवट करू शकते.

बियांपासून तिची रोपे तयार करता येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही केवळ बागेतील रोपांवर विसंबून राहणे मला पुरेसे वाटत नाही. बागेत झाड जगेल. पण त्याचा उतार, त्याचे कीटक आणि शेजारची झाडे तेथे नेता येणार नाहीत. रोपवाटिका ही आधारासाठी आहे. खरे रक्षण मूळ जागेचेच झाले पाहिजे.

आपल्या सीमाभागातील मुले सहलीला याच सह्याद्रीत जातात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : अनोळखी फूल दिसले तर तोडू नका. त्याचे चित्र काढा, दिनांक टिपा आणि शिक्षकांना दाखवा. दुर्मिळ झाडाची नेमकी जागा मात्र चारचौघांत सांगत फिरू नका.