लोखंडी नांगर आणि आपले बेणे



गेल्या महिन्यात केळवद भागातील शिवारफेरी आटोपून आम्ही एका सभासदाच्या विहिरीवर चहा घेत बसलो होतो. चार-पाच जण जमले होते. साहजिकच नव्या लागणीचा आणि बेणे मळ्याचा विषय निघाला. आम्ही आमचे नेहमीचे सांगून झाल्यावर एक वयस्क सभासद शांतपणे म्हणाले, "साहेब, बेणं चांगलंच असंन. पण पयले त्या बाजूवाल्याच्या वावरात होऊ द्या. मंग पाहू."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण सावनेरला परत येताना वाटभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. कारण हेच उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने शेतकऱ्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकले होते. तो माणूस बेणे विकत नव्हता, नांगर विकत होता. त्याचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

'उद्योगपती' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठी मोटार आणि बंगला येतो. अशा माणसांचा आणि आपल्या वावराचा काय संबंध, असे वाटते. म्हणून यावेळी खतांच्या मात्रा थोड्या बाजूला ठेवून आम्ही तीन उद्योगी माणसांविषयी लिहीत आहोत. तिघांचाही मातीशी संबंध आला, आणि तिघांनाही सुरुवातीला लोकांनी 'मंग पाहू' असेच म्हटले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईस गेले. परंतु डोळ्यांना रंगांतला फरक नीट कळत नव्हता, त्यामुळे तो नाद सोडावा लागला. मग ते यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. बेळगावात भाऊ रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालविले. लोकांना सायकल नुसती विकायची नाही, तर चालवायलाही शिकवायची, अशी त्या दुकानाची रीत होती.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. आपला जुना लाकडी नांगर जमीन उकरतो, पण पालटत नाही. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथवतो, हरळी-कुंद्याची मुळे उघडी पाडतो. आज हे शाळकरी पोरालाही पटेल. तेव्हा मात्र लोक म्हणू लागले, लोखंडाने जमिनीला विष चढेल, मग काही पिकणार नाही. तयार नांगर पडून राहिले. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

येथे एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हटले नाही. नांगर वापरून पाहणारे काय बोलतात ते त्यांनी ऐकले, फाळ लवकर झिजतो ही तक्रार मान्य केली आणि फाळाचे लोखंड सुधारले. म्हणजे 'मंग पाहू' म्हणणारा शेतकरी अगदीच चुकीचा नव्हता. त्याच्या शंकेत अर्धी भीती होती, पण अर्धा अनुभवही होता. त्यातली भीती घालवायची आणि अनुभवाचा मान ठेवायचा, हे काम लक्ष्मणरावांनी केले.

१९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले. तेथे निवडुंग आणि साप यांखेरीज काही नव्हते. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरांच्या पाठोपाठ तेथून उसाचे चरक निघाले, शेंगा फोडण्याची यंत्रे निघाली, पुढे पाण्याचे पंप निघाले. म्हणजे आपल्या विहिरीवरच्या पंपाचा वंश त्या न खपलेल्या नांगरापर्यंत जातो. १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक निघू लागले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यावी हा त्याचा मूळ हेतू, आणि पुढे त्याचेच नामांकित मासिक झाले. आपली ही वार्तापत्रिका त्याच जातीची आहे, हे सांगावयास आम्हांला थोडा अभिमान वाटतो. लक्ष्मणराव १९५६ साली वारले.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. नागपूरची एम्प्रेस मिल आपल्यातील जुन्या माणसांना सांगावयास नको. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. गिरण्या काढायच्या तर मुंबईत, असा तो काळ. टाटांनी विचार उलटा केला. कापूस वऱ्हाड-नागपूरचा, मग तो मुंबईस वाहून का न्यायचा? जेथे माल पिकतो तेथेच कारखाना काढावा. आपला साखर कारखाना उसाच्या शिवारात का असतो, याचेही उत्तर तेच आहे. तुटलेला ऊस जितका वेळ वाटेत वाळेल, तितकी साखर घटते आणि वजनही घटते.

मिलसाठी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि तेथे भर टाकावयास सुरुवात केली. तेव्हा एका स्थानिक सावकाराने पैसे देण्याचे नाकारले. हा माणूस मातीत सोने घालतो आहे, असे तो म्हणाला. पुढे मिल भरभराटीस आल्यावर तोच म्हणाला, "यांनी सोने घातले नाही, माती घालून सोने काढले." ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. पण मधली गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पहिली यंत्रे घेताना टाटांनी किमतीकडे पाहिले आणि ती हलकी निघाली. सुरुवातीची वर्षे जड गेली, भागाची किंमत उतरली. तेव्हा त्यांनी चूक मान्य करून चांगली यंत्रे आणविली आणि मग मिल वर आली. कामगारांसाठी पेन्शन, अपघाताची भरपाई या गोष्टी कायद्याची वाट न पाहता त्या मिलने सुरू केल्या. त्या मिलचा शेवट मात्र चांगला झाला नाही. १९८६ साली ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. कितीही नावाजलेला कारखाना असो, एकदा उभा राहिला म्हणजे कायम राहतो असे नाही. त्याला दरवर्षी सांभाळावे लागते.

तिसरे नाव तर आपल्याच बिरादरीतले. नगर जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. जन्म १८९७ चा. ते शाळेत फारसे शिकले नव्हते, पण उसाच्या शेतकऱ्याचे दुखणे त्यांना पुरते कळले होते. गूळ करावा तर व्यापारी भाव पाडतो आणि हातात काही उरत नाही. त्यांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले. स्वतःचे भांडवल नसलेला हा उद्योजक! त्याचे भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद स्वीकारून पाठबळ दिले. १९४८ साली प्रवरेच्या संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. तेव्हाही 'शेतकरी कुठे कारखाना चालवतो काय' असे म्हणणारे होतेच. आज आपण 'सभासद' हा शब्द सहज वापरतो, त्यामागे ती पायपीट आहे.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. आणि येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे.

विहिरीवरचे ते सभासद उगाच बोलले नव्हते. काही वर्षांपूर्वी बेण्याची टंचाई होती. लागणीचा हंगाम निघून जाईल म्हणून आम्ही घाई केली आणि बाहेरून स्वस्तात मिळालेले बेणे प्लॉट न पाहता वाटले. दोन-तीन महिन्यांत उसाच्या शेंड्यातून चाबकासारखे काळे पट्टे निघाले. चाबूक काणी! त्यांचेही वावर त्यात होते. खोडवा मोडावा लागला. ते आम्हांला तेव्हा काही बोलले नाहीत. यावेळी तेवढेच बोलले. टाटांची यंत्रे आणि आमचे बेणे, दोन्ही स्वस्तात घेतली आणि महागात पडली. फरक एवढाच की त्या चुकीचा भुर्दंड टाटांच्या कंपनीने भरला, आणि आमच्या चुकीचा सभासदांनी.

म्हणून यंदा आम्ही असे ठरविले आहे :

बेणे फक्त आपल्या बेणे मळ्यातील, उष्ण बाष्प प्रक्रिया केलेल्या मूळ बेण्यापासून वाढविलेले दिले जाईल. ते नऊ ते अकरा महिन्यांचेच असेल. खोडव्याचे बेणे कोणालाही दिले जाणार नाही. बेणे तोडण्यापूर्वी ज्याला हवे त्याने मळ्यात येऊन सरी-सरी फिरून पाहावे. काणीचे एक जरी बेट दिसले तरी आम्हांस दाखवावे.

आमचा आग्रह सगळे वावर नव्या बेण्याखाली आणा असा नाही. अर्धा एकर करा. शेजारी तुमचे नेहमीचे बेणे ठेवा. खत, पाणी, मशागत सारखी द्या. तोडणीला दोन्हींचे वजन वेगळे करा आणि मग काय ते ठरवा. शेजाऱ्याच्या वावरात पाहण्यापेक्षा आपल्याच वावरात पाहिलेले बरे.

आणि जुन्या प्लॉटमध्ये काणीचा पट्टा दिसला तर तो तसाच ओढू नका. त्याची काळी भुकटी उडून सगळ्या शिवारात पसरते. आधी पट्ट्यावर गोणपाटाची किंवा प्लास्टिकची पिशवी चढवा, मग तो कापून जाळा आणि बेट मुळासकट खणून काढा. असल्या प्लॉटचा खोडवा ठेवू नका, कितीही जीव तुटला तरी.

त्या वयस्क सभासदांना आम्ही परवा पुन्हा भेटलो. आमची चूक त्यांच्यासमोर कबूल केली आणि अर्ध्या एकराचा हिशोब सांगितला. ते थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अर्धा नाही साहेब, पाव एकर करतो. पण मळा पयले मी सोता येऊन पाहीन."

आम्ही म्हटले, "भाऊ, अवश्य या. तुमच्यासारख्यांनीच पाहायला पाहिजे."

सोमवारी सकाळी ते बेणे मळ्यावर येणार आहेत. इतरांनीही यावे. चहा आमच्याकडे.

— ऊस विकास अधिकारी