वर्षातून एकदाच घ्यायचं औषध: हाडांच्या उपचारांमागचं गणित काय?

तापाची गोळी काही तासांनी पुन्हा घ्यावी लागते. पण हाडं ठिसूळ करणाऱ्या ऑस्टिओपोरोसिसवर अॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा पुरते, तर झोलेड्रॉनिक अॅसिड शिरेतून वर्षातून एकदाच दिलं जातं. हे कसं शक्य होतं?

गोळी घेण्याचे नियम इतके कडक का?

ही दोन्ही औषधं बिसफॉस्फोनेट गटातली आहेत. अॅलेंड्रोनेटच्या गोळीतला १ टक्क्याहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो. चहा, दूध किंवा कॅल्शियम सोबत गेलं तर तोही घटतो. म्हणून ही गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढचा किमान अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होऊ शकते.

औषध जातं कुठे?

रक्तातून ते काही तासांतच नाहीसं होतं. शोषलेल्या औषधापैकी साधारण निम्मं लघवीवाटे निघून जातं. उरलेलं हाडातल्या कॅल्शियमला घट्ट चिकटतं. हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तिथे पोहोचल्या की औषध त्यांच्या आत शिरतं आणि त्यांचं काम मंदावतं. वर नवं हाड तयार झालं की शिल्लक औषध त्याखाली गाडलं जातं. हाडात साठलेलं अॅलेंड्रोनेट निम्म्यावर यायला १० वर्षांहून अधिक काळ लागू शकतो.

मग औषध बंद करता येतं का?

धोका फार नसेल तर डॉक्टर साधारण ५ वर्षांच्या गोळ्यांनंतर किंवा ३ वार्षिक डोसांनंतर 'औषधाची सुट्टी' देतात. साठ्यामुळे परिणाम काही काळ टिकतो. शिवाय दीर्घकाळ वापराने क्वचित मांडीचं हाड विचित्र पद्धतीने मोडतं किंवा जबड्याच्या हाडाला इजा होते. तो धोकाही सुट्टीमुळे कमी होतो.

डेनोसुमॅबचं इंजेक्शन मात्र वेगळं आहे. ते दर ६ महिन्यांनी घ्यायचं असतं आणि हाडात साठत नाही. ते चुकलं की हाडांची झीज झपाट्याने वाढते. काहींच्या पाठीचे अनेक मणके एकापाठोपाठ मोडतात. ते थांबवायचंच असेल तर त्यानंतर सहसा दुसरं औषध सुरू करतात.

म्हणूनच आपण नेमकं कोणतं औषध घेतो, हे लक्षात ठेवा. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यालाही ते सांगा, अगदी गोळ्या बंद होऊन काही वर्षं झाली असली तरी.