महिनाअखेरचं हसू

नवरा चिमण, बायको काऊ, मुलं राघू, मैना आणि मोरू. विनोदी लेखक चिं. वि. जोशींनी आपल्या गोष्टींतल्या या घराची झेप बारशालाच ठरवून टाकली होती. चिमण्या-कावळ्यांच्या या बिऱ्हाडात गरुड कुणी निघणार नव्हता. चिमणराव कारकून होते आणि कारकूनच राहिले. मोठेपणा मिरवायला गेले की तो अंगाशी यायचा, दुसऱ्याच्या शहाणपणावर विसंबले की फजिती व्हायची, आणि पुढच्या गोष्टीत पुन्हा पहिल्यासारखेच बायको-मुलं-आई-पाहुण्यांच्या गराड्यात उभे. सोबतीला दांडगट, सडाफटिंग गुंड्याभाऊ होताच. चिं. वि. (1892–1963) बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवायचे. जातककथांच्या या अभ्यासकाला माणसाची हाव आणि भाबडेपणा हसत हसत सांगायची कला चांगलीच ठाऊक होती. या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतात, त्यामुळे हसणाऱ्यांत पहिला नंबर त्यांचाच लागतो.

बेताच्या मिळकतीचं घर आणि त्याचं हसू हा पुढे जगभरच्या टीव्हीचा हुकमी विषय झाला. आपल्याकडे तो टीव्हीच्या कितीतरी आधी पुस्तकात येऊन बसला होता. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ ही पुस्तकं वाचनालयात हातोहात फिरली. 1940 साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला आणि दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि त्या पिढीच्या मनात या दोघांचे चेहरे कायमचे ठरले. 1979 मध्ये त्याच जोडीचा चित्रपटही आला.

‘त्या पिढीच्या मनात’ म्हणताना मात्र नकाशा पाहिला पाहिजे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्याला दिसू लागलं. वऱ्हाडात मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढेपर्यंत त्या लहरी कुठून पोहोचणार? मुंबई-पुण्याची माणसं चिमणरावांना बघत होती, तेव्हा आम्ही त्यांना वाचत होतो.

मराठी घर, हिंदी बोली

15 ऑगस्ट 1982 पासून दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी दिल्लीच्या एशियाडबरोबर पडदा रंगीत झाला. रंगीत टीव्हीसाठी आग्रह धरणारे मंत्री आपल्या विदर्भातले, वर्ध्याचे खासदार वसंत साठे. 1984 पासून देशभर लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतल्या कौलांवर, पत्र्यांवर बांबूला बांधलेले अँटेना दिसू लागले. एकजण वर चढून अँटेना फिरवतोय, दुसरा अंगणातून “आलं, आलं… गेलं!” म्हणून ओरडतोय, हा त्या काळचा घरोघरचा खेळ.

या अँटेनांतून पहिलं घर उतरलं ते ‘हम लोग’चं. 7 जुलै 1984 ला सुरू झालेली ही मालिका 156 भाग चालली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या या कुटुंबात दारुडा बाप बसेसर राम होता, सोसणारी आई होती, बडकी, मझली, छुटकी अशा मुली होत्या आणि नोकरीसाठी वणवण करणारा लल्लू होता. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिका वापरण्याची जी रीत पाडली होती, तिच्यावरून ही कल्पना घेतलेली. म्हणूनच शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द समजावून सांगायचे. त्यात हसू कमी होतं, शिकवण जास्त. 1986 मध्ये कुंदन शहा आणि सईद मिर्झा यांचा ‘नुक्कड’ आला. वायरमन गुरू, सायकल दुरुस्तीवाला हरी, हॉटेलवाला कादर, झिंगलेला खोपडी, सगळी हातावर पोट असलेली माणसं. पण ‘नुक्कड’ होता चौक. तिथे घराचा उंबरठा नव्हता.

तो उंबरठा 1988 मध्ये ‘वागले की दुनिया’ने दिला. कल्पना आर. के. लक्ष्मण यांची. 1951 पासून चौकडीचा कोट घालून देशाचा कारभार मुकाट बघणारा त्यांचा ‘कॉमन मॅन’ आपण वर्तमानपत्रात पाहत आलो होतो. दूरदर्शनवर तो घरी परतला, चपला काढून बसला आणि बोलायला लागला. निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची, दिग्दर्शन कुंदन शहांचं. श्रीनिवास वागळे झाले अंजन श्रीवास्तव. त्यांची बायको राधिका साकारली भारती आचरेकर यांनी, म्हणजे गायिका माणिक वर्मांच्या कन्येने. अशा रीतीने टीव्हीवरचं पहिलं मराठी घर आम्हा वऱ्हाडकरांना हिंदीत भेटलं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. राधिकेचा तो उसासा आणि नवऱ्याकडे बघण्याची तऱ्हा कुठल्याही भाषेत कळली असती.

चुकारा आणि पगार

एक प्रश्न मात्र उरतोच. एक तारखेला पगार घेणारा मुंबईचा कारकून कपाशीच्या गावाला आपला का वाटावा? त्या वेळी आमच्याकडे पगारदार म्हणजे मास्तर, तलाठी, ग्रामसेवक आणि एसटीतले काही जण. बाकी गावाचा हिशेब वर्षाचा. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस केंद्रावर न्यायचा, गाड्यांच्या रांगेत मुक्काम ठोकायचा, ग्रेडर सांगेल ती प्रत मान्य करायची आणि चुकाऱ्याची वाट बघायची. तोवर किराणा दुकानदाराच्या वहीत नाव चढत राहायचं. वागळेंचा महिना तीस दिवसांचा, आमचा बारा महिन्यांचा. महिनाअखेर दोघांनाही ओळखीची.

वागळे आणि चिमणराव यांच्या हसण्याची खरी जागा हीच आहे, रक्कम लहान आणि अब्रू मोठी. पाहुणा आला की घरातला साखरेचा डबा कुठवर आला आहे हे फक्त बायकोला माहीत असतं आणि नवरा बाहेरच्या खोलीतून चहाची दुसरी फेरी फर्मावतो. या प्रसंगाला मुंबई लागत नाही. गरिबीला हसणं क्रूर होईल. इथे प्रेक्षक हसतो ते गरिबी झाकण्याच्या खटाटोपाला, आणि तो खटाटोप स्वतःही केलेला असल्यामुळे त्याचं हसू कुणाला बोचत नाही.

या भूमिका करणाऱ्या नटांना हे आयुष्य बाहेरून शिकावं लागलं नव्हतं. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत नोकरीला होते, प्रभावळकर औषध कंपनीत, अंजन श्रीवास्तव बँकेत. मस्टरवर सही करून, साहेबाची नजर चुकवून तालमीला पळणारी ही माणसं. फायलीवरची धूळ झटकण्याची लकब त्यांना कुणी दिग्दर्शकाने शिकवली नसणार. गुंड्याभाऊला घराघरात नेणारे कर्वे ऑगस्ट 2025 मध्ये, पंच्याण्णव वर्षांचे होऊन गेले.

न बदलण्याची कला

कथानक पुढे सरकलंच पाहिजे, असं आपण धरून चालतो. या विनोदी कौटुंबिक मालिका नेमकं उलटं करतात. भागाच्या सुरुवातीला घर जसं असतं तसंच ते शेवटी असावं लागतं. मधल्या अर्ध्या तासात वादळ येतं, भांडं फुटतं, बढतीची हूल उठते, लॉटरीचं तिकीट हरवतं. मग सगळं जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात प्रेक्षकाला ओळखीचंच घर सापडलं पाहिजे, ही त्या प्रकाराची गरज आहे. श्रीमंत घर असं जागच्या जागी राहिलं तर ते खोटं वाटेल, कारण पैसा माणसाला हलवतो. कष्टकऱ्याचं घर जागच्या जागी राहतं ही मात्र रोजची गोष्ट आहे. म्हणून हा साचा या घराला अंगच्या कपड्यासारखा बसतो.

हाच साचा अमेरिकेतही दिसतो. तिथल्या ‘द हनीमूनर्स’ या मालिकेचे मूळ भाग अवघे 39. 1955–56 मध्ये ते दाखवले गेले आणि अजून पाहिले जातात. ब्रुकलिनचा बसड्रायव्हर राल्फ क्रॅम्डेन, त्याची खमकी बायको ॲलिस आणि गटारांत काम करणारा शेजारी नॉर्टन. घर म्हणजे जवळजवळ एकच उघडीबोडकी खोली. राल्फला दर वेळी झटपट श्रीमंतीची नवी युक्ती सुचते, नॉर्टन त्यात सामील होतो आणि ॲलिसला निकाल आधीच माहीत असतो. चिमणराव-गुंड्याभाऊ-काऊ हे त्रिकूट जाणणाऱ्याला यात अनोळखी काही नाही, आणि आपलं त्रिकूट वयाने थोरलं आहे. 1971 मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ आली. ब्रिटनच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरून घेतलेली. तिचा नायक आर्ची बंकर मालधक्क्यावरचा मुकादम, पूर्वग्रहांनी भरलेला, आणि घरातच राहणाऱ्या शिकल्या-सवरल्या जावयाशी रोज वाद घालणारा. वर्णभेद, व्हिएतनामचं युद्ध, बायकांचे हक्क, सगळी भांडणं एका दिवाणखान्यात व्हायची. आर्चीची बसायची खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एका देशाने मुकादमाची जुनी खुर्ची राष्ट्रीय ठेव मानली!

आपल्याकडे घराचं हे हसू पुढे चालवलं ते पुन्हा प्रभावळकरांनीच. वर्तमानपत्रातल्या त्यांच्या सदराचं ‘अनुदिनी’ हे पुस्तक झालं आणि त्यावरून 2001 मध्ये ‘अल्फा मराठी’वर केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या अशा तीन पिढ्या एका छपराखाली. चिमणरावांपेक्षा हे घर सुस्थितीतलं. नव्या अर्थव्यवस्थेचा वारा त्यात शिरलेला, चिंता बदललेल्या. तरी टिपऱ्यांनी जुना नियम मोडला नाही. आठवड्यातून एकदा भेटायचं, रुसायचं, जुळवून घ्यायचं. त्याच सुमाराला दुसऱ्या वाहिन्यांवर दागिन्यांनी मढलेल्या सासवा प्रशस्त जिन्यावरून रोज उतरू लागल्या होत्या. त्या घरांत महिनाअखेर कधी आलीच नाही.

कामगार कुठे गेला?

या सगळ्या मराठी घरांकडे एका ओळीत पाहिलं की एक रिकामी जागा दिसते. चिमणराव कारकून, वागळे कारकून, टिपरे नोकरदार. हातात पान्हा, सूत किंवा विळा असलेल्या माणसाचं घर कुठे आहे? 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या घरांचं पुढे काय झालं हे जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकाने आणि 2010 च्या ‘लालबाग परळ’ या चित्रपटाने दाखवलं, पण शोकांतिका म्हणून. दहा बाय दहाच्या खोल्यांत, दांडीवरच्या धुण्याखाली, भजनी मंडळांत आणि गणपतीच्या वर्गणीत जो चावट, तिखट विनोद पिकत होता, त्याला टीव्हीवर स्वतःचं घर मिळालं नाही. मला याचं कारण लिहिणाऱ्यांच्या पत्त्यात दिसतं. लेखक-दिग्दर्शक बहुतेक कारकुनी घरांतून आले आणि त्यांनी आपल्या घराचं हसू मनापासून लिहिलं. शेजारच्या गल्लीतलं दुःख त्यांना दिसलं, तिथलं हसू ऐकू आलं नाही.

वऱ्हाडाचंही तेच झालं. पडद्यावर विदर्भ म्हणजे भेगाळलेली जमीन आणि फास. याला देखणा अपवाद सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009). शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपला नवराही तसंच करील या धास्तीने बायको त्याच्या मागे पाळत लावते, त्याला गोडधोड खाऊ घालते, आणि बिचाऱ्या नवऱ्याला हे लाड कशासाठी ते उमगत नाही. मरणाच्या सावलीत उमललेला तो विनोद अस्सल घरचा होता. दुसरीकडे 2014 पासून ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी बोली राज्यभर पोहोचवली. टाळ्याही मिळाल्या. पण बोलीला दहा मिनिटांचं प्रहसन मिळालं. तिला चूल, पोरंबाळं, म्हातारी आई आणि थकलेली उधारी असलेलं घर अजून मिळायचं आहे.

ते घर लिहायला सामान कमी नाही. अमेरिकेला बसड्रायव्हर पुरला. आपल्याकडे मलकापूर-बुलडाणा फेरीवरचा एसटी कंडक्टर आहे. सुट्ट्या पैशांवरून रोज महाभारत करणारा, घरी मात्र बायकोपुढे तिकिटाचा हिशेब चुकणारा. चार एकर कोरडवाहू भावाच्या भरवशावर. भाऊ दर हंगामाला नवं पीक सुचवणारा, म्हणजे आमचा गुंड्याभाऊ तयारच आहे. म्हातारीला कीर्तन हवं, पोराला मोबाइल हवा, पोरीला पोलीस भरतीचं मैदान मारायचं आहे. बोली शेताइतकीच घरातली असावी, नुसती टाळीसाठी आणलेली नसावी. आणि लिहिणाऱ्याला अट दोनच: भागाच्या शेवटी या माणसांना श्रीमंत करायचं नाही, आणि मारायचंही नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा भांडायचं आहे.