देवी टोचलेली फौज

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट आपण शाळेत शिकतो ती बोस्टनच्या बंदरापासून. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या. संसदेत आमचा माणूस नाही, मग तुमचा कर आम्ही का भरायचा, हा वसाहतींचा रोकडा सवाल होता. एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टनला बंदुका चालल्या, 4 जुलै 1776 ला जाहीरनामा मंजूर झाला. पण जाहीरनाम्याने स्वातंत्र्य मिळत नाही, त्यासाठी फौज जगवावी लागते. आणि त्या फौजेचा मोठा वैरी होता देवीचा रोग.

1775 मध्ये वसाहतींची फौज क्वेबेकवर चालून गेली आणि तिथे छावणीत देवी पसरल्या. शेकडो माणसं दगावली. जून 1776 मध्ये सेनापती जॉन थॉमसही देवीनेच गेले आणि मोहीम गुंडाळावी लागली. इंग्रज शिपायांपैकी बहुतेकांना देवी लहानपणीच येऊन गेलेल्या असत. अमेरिकेतल्या विखुरलेल्या शेतांवर वाढलेल्या पोरांना ते कवच नव्हतं.

जेनरची लस यायला अजून वीस वर्षं होती. उपाय एकच होता: रोग्याच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या दंडावर चीर पाडून आत सोडायचा. ताप यायचा, थोडे फोड उठायचे आणि बहुतेक जण तरून जायचे. शंभरात एखाद-दोन मरत. आपसूक आलेल्या देवीत हाच आकडा तीसच्या आसपास असे. पण टोचलेला माणूस काही आठवडे अंथरुणाला खिळायचा, शिवाय त्याच्यापासून इतरांना लागण व्हायची. म्हणून मे 1776 मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनीच लष्करात देवी टोचायला बंदी घातली होती.

हा रोग त्यांनी स्वतः भोगला होता. एकोणिसाव्या वर्षी बार्बाडोसमध्ये त्यांना देवी आल्या, चेहऱ्यावर वण राहिले. फेब्रुवारी 1777 मध्ये मॉरिसटाउनच्या हिवाळी तळावरून त्यांनी आपलाच हुकूम फिरवला: सगळ्या फौजेला टोचा, आणि गुपचूप टोचा. अर्धी फौज तापाने फणफणली आहे हे इंग्रजांना कळतं, तर युद्ध तिथेच संपलं असतं. माझ्या मते त्या युद्धातला सर्वांत धाडसी निर्णय हाच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साराटोगाला इंग्रज फौज शरण आली, 1778 मध्ये फ्रान्स उघडपणे मदतीला उतरला. फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवली आणि 19 ऑक्टोबर 1781 ला यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसने हत्यारं टाकली. पुढे गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला, तोच हा.

त्याच्या छावणीत मुक्तीच्या आशेने मळ्यांवरून पळून आलेले काळे गुलाम होते. वेढा आवळत गेला, तसं त्यांच्यातल्या देवी आलेल्यांना त्याने बाहेर हाकललं. रानात, रस्त्याकडेला ती माणसं मेली. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली 1865 मध्ये.