कार्बन नॅनोट्यूबला आधी चिकटतात ती प्रथिने!

१९९१ मध्ये शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधाने कार्बन नॅनोट्यूबकडे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे, जगाचे लक्ष वेधले. एकपदरी नळीचा व्यास जेमतेम १ नॅनोमीटरच्या आसपास! पण ती रक्तात गेली की काय होते?

काही क्षणांतच रक्तातली प्रथिने तिच्यावर येऊन बसतात. या थराला म्हणतात ‘प्रोटीन कोरोना’. पेशीची गाठ पडते ती या थराशी, उघड्या कार्बनशी नव्हे.

🔬 प्रथिने चिकटतात कशी?
नळीला पाण्याचे वावडे असते. प्रथिनांचेही काही भाग पाण्यापासून लांब राहू पाहतात. ते नळीकडे वळतात. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लांत सपाट कडी असतात. ती नळीच्या षटकोनी जाळीवर पोळपाटावरच्या पोळीसारखी पसरून बसतात. या ओढाताणीत काही प्रथिनांची घडी बिघडते आणि त्यांचे कामही मंदावते.

🔬 त्याने फरक काय पडतो?
२०११ च्या एका अभ्यासात फायब्रिनोजेन, अल्ब्युमिन अशा रक्तातल्या प्रथिनांचा लेप बसल्यावर नळ्यांचा पेशींवरचा विषारी परिणाम घटलेला दिसला.
२०१० मध्ये तर आपल्याच पांढऱ्या रक्तपेशींतले मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम, म्हणजे तेही एक प्रथिनच, एकपदरी नळ्यांचे विघटन करू शकते, हे प्रयोगातून दिसले!

म्हणून ‘नॅनोट्यूब घातक की सुरक्षित?’ असा प्रश्न कुणी विचारला, तर आधी एवढेच विचारा: तिच्यावर कोणती प्रथिने बसली आहेत?

#नॅनोविज्ञान #मराठीतविज्ञान