किलोमीटर मोजले, मीटर विसरलो!

आमच्या ताईचा स्वभाव निरोप देताना डोळ्यांत पाणी आणण्याचा नाही. पण ऑगस्ट २०१६ मधल्या त्या दिवशी पुणे स्टेशनवर तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "हे बघ, तू मामा आहेस म्हणून पाठवतेय त्याला. नाहीतर सोडला नसता."

बेत होता मनाली ते लेह, मोटारसायकलवरून. आम्ही सहाजण. एक गॅरेजवाले, एक औषधांच्या दुकानाचे मालक, आम्ही बँकेतले तिघे आणि शेंडेफळ म्हणजे माझा बावीस वर्षांचा भाचा. मोटारसायकली रेल्वेने आधीच दिल्लीला रवाना झाल्या होत्या. दोन वर्षं नकाशे पाहून सगळा कार्यक्रम मी आखला होता. कुठे मुक्काम, कुठे पेट्रोल, रोज किती किलोमीटर, सारं वहीत लिहून ठेवलेलं. त्या वहीचा मला फार अभिमान होता.

वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतो. पण हिमालयाच्या पाठीमागेही एक वाळवंट आहे, तेही थंड! महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो आणि सह्याद्री ओलांडून पूर्वेला गेलं की माण-खटाव कोरडे, हे आपण जाणतोच. तोच खेळ तिथे फार मोठ्या प्रमाणावर चालतो. पावसाळी ढग हिमालयाच्या अलीकडेच रिते होतात. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. मनालीची देवदारांची गर्दी मागे टाकून आम्ही ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडली, आणि हिरवा रंग कुणी पुसून टाकावा तसा विरळ होत गेला. पुढे नुसते तपकिरी, राखाडी, जांभळट डोंगर.

तांदीच्या पेट्रोल पंपावर पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. टाक्या काठोकाठ भरल्या, डबेही भरून घेतले. रात्री केलाँगला मुक्काम केला. इथवर सारं वहीप्रमाणे चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी निघतानाच एक चाक पंक्चर झालं आणि उशीर झाला. या रस्त्यावर उशीर महाग पडतो. त्याचं कारण पाणी. वाळवंटात पाण्याची भीती, हे ऐकायला विचित्र वाटेल; पण सकाळी घोटाभर असणारा नाला दुपारी उन्हाने बर्फ वितळलं की गुडघ्यापर्यंत चढतो. आम्ही बारालाचा खिंडीच्या अलीकडच्या नाल्याशी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. एकेकाने पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता पलीकडे जायचं, आणि बाकीच्यांनी पाण्यात उभं राहून त्याला आधार द्यायचा, असं ठरलं. सर्वांत जास्त वेळ पाण्यात उभा राहिला तो भाचा. बाहेर आला तेव्हा ओठ निळे पडले होते, पण हसत होता.

त्यानंतर तो गप्प झाला. थंडीने गारठला असेल, असं आम्ही समजलो. विरळ हवेत इंजिनंही धापा टाकत होती. सुमारे ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड ओलांडून संध्याकाळी सरचूच्या तंबूंत पोचलो. भाचा जेवला नाही. "भूक नाही रे मामा," एवढंच म्हणाला.

रात्री अकराच्या सुमारास त्याला दोनदा उलटी झाली. मग कबूल केलं, दुपारपासून डोकं ठणकतंय. "तुम्ही सगळे एवढे खूश होता. माझ्यामुळे कशाला खोळंबा?"

आमचे औषधवाले उठले. त्यांनी त्याला बाहेर काढून टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावलं. चालताना तोल गेला असता किंवा बोलणं असंबद्ध झालं असतं, तर मध्यरात्रीच उतरावं लागलं असतं. तो नीट चालला. पण औषधवाल्यांनी मलाच विचारलं, "काल आपण किती उंचीवर झोपलो होतो?"

मी वही उघडली. केलाँग सुमारे ३,०८० मीटर. सरचू सुमारे ४,२९०. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. आम्ही एका दिवसात बाराशे चढलो होतो! माझ्या वहीत किलोमीटर पैन् पै मोजलेले होते. मीटर मी मोजलेच नव्हते.

उपाय एकच, खाली उतरणं. तंबूवाल्या बाई ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यहाँ से जिधर भी जाओगे, पहले ऊपर ही चढ़ना पड़ेगा." खरंच होतं. पुढे लेहकडे तीन खिंडी आणि मागे बारालाचा. उतरण्यासाठीही आधी चढणं भाग. पोटात गोळा आला.

आता एक कबुली देतो. त्या रात्री क्षणभर माझ्या मनात आलं की, सकाळपर्यंत बरं वाटेल त्याला, पुढेच जाऊ. दोन वर्षांची तयारी, मिळालेली रजा! मी तसं बोलणार तेवढ्यात औषधवाल्यांनी विचारलं, "आणखी कुणाचं डोकं दुखतंय? खरं सांगा." तिघांचे हात वर झाले. त्यातला एक माझा होता. मामा नि भाचा, दोघंही तेच लपवत होतो.

गॅरेजवाले म्हणाले, "सहाजण आलोय, सहाजण परत जाऊ." विषय संपला.

रात्रभर आळीपाळीने भाच्याजवळ जागलो. झुंजुमुंजू होताच लेहला माल पोचवून रिकामा परतणारा एक ट्रक थांबवला. फळ्या लावून त्याची मोटारसायकल हौद्यात चढवली, त्याला सिलिंडरसह चालकाशेजारी बसवलं आणि आम्ही पाचजण मागोमाग निघालो. पहाटेचा नाला घोटाभरच होता. आदल्या दिवशी ज्याने अडवलं, त्यानेच वाट दिली. सुमारे ३,२०० मीटरवरच्या जिस्पाला पोचेपर्यंत भाचा चहा मागायला लागला होता. त्याने घेतलेला तो पहिला घोट मी आयुष्यात विसरणार नाही.

दोन दिवस भागा नदीकाठी विश्रांती घेतली, रजा संपत आली आणि आम्ही लेह न पाहताच परतलो. ताईला सगळं खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग लेकाला म्हणाली, "दुखतंय म्हणायला लाज कसली रे?"

मी मात्र विचारात पडलो. कुरकुर न करणाऱ्या मुलाचं आपण घरोघरी कौतुक करतो. ताप अंगावर काढणारी आई, पाय सुजला तरी कामावर जाणारे वडील, यांचे गोडवे गातो. त्या उंचीवर हेच कौतुक जीवावर बेततं. तिथे सर्वांत सावकाश जाणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग, आणि धीट तो, जो आधी सांगतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. आता मनालीहून केलाँग काही तासांवर आलं आहे. रस्ता सोपा झाला. म्हणूनच घाई करण्याचा मोहही वाढला. शरीराला मात्र बोगदा नाही. त्याला पूर्वीइतकेच दिवस लागतात.

२०२३ च्या जुलैत भाचा मित्रांबरोबर पुन्हा गेला. या वेळी वही त्याची होती, आणि तीत मीटर होते. जिस्पाला त्याने तीन रात्री काढल्या. एका संध्याकाळी लेहहून फोन आला.

"मामा, पोचलो. डोकं थोडं दुखतंय. पण सगळ्यांना सांगितलंय."

मी म्हटलं, "शाब्बास!"