छायाचित्रीय संस्करण : जलतापमान-नियंत्रण

छायाचित्रीय फिल्मवरील सुप्त प्रतिमा दृश्य व टिकाऊ करण्यासाठी तिच्यावर विकासक, विरंजक, स्थिरीकारक इ. विद्रावांची क्रमाने क्रिया करतात आणि मधूनमधून व शेवटी ती पाण्याने धुतात. क्रियांच्या या मालिकेस संस्करण म्हणतात [→ छायाचित्रण]. हे काम घरी, लहान यंत्राच्या साहाय्याने करताना विद्रावांचे व धुण्याच्या पाण्याचे तापमान ठराविक मर्यादेत राखणे ही मुख्य अडचण असते. थंड देशांत तयार झालेली यंत्रे व त्यांच्या माहितीपुस्तिका नळाचे पाणी गार असून ते तापवावयाचे आहे, असे गृहीत धरून चालतात. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यासारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशात उन्हाळ्यात हे गृहीत खोटे ठरते. तेथे पाणी गार कसे करावे व थोड्या पाण्यात कसे भागवावे, हेच प्रश्न पुढे येतात.

तापमानाचे महत्त्व : विकसन ही रासायनिक विक्रिया असल्यामुळे तापमानाबरोबर तिचा वेग वाढतो. कृष्णधवल फिल्मसाठी २०° से. हे प्रमाण तापमान मानले जाते. या तापमानास १० मिनिटे लागणारे विकसन २४° से.ला सु. ७ मिनिटांत पूर्ण होते. विकासकातील सर्व घटकांचा वेग मात्र सारख्या प्रमाणात वाढत नाही. मेटॉल व हायड्रोक्विनोन यांच्या नेहमीच्या मिश्रणात हायड्रोक्विनोनावर तापमानाचा परिणाम कितीतरी अधिक होतो, सु. १२° से.च्या खाली ते जवळजवळ निष्क्रिय बनते. त्यामुळे केवळ वेळ कमीजास्त करून तापमानातील मोठा फरक भरून काढता येत नाही, प्रतिमेतील छायाभेदाचे स्वरूपही बदलते.

दुसरा परिणाम भौतिक आहे. प्रकाशसंवेदी रौप्य लवणे ज्या पायसात असतात ते जिलेटिनाचे असते. जिलेटीन पाण्यात फुगते व उष्णतेने मऊ पडते. कठिनीकरण न केलेले जिलेटीन ३०° से.च्या आसपास वितळू लागते. अलीकडील फिल्मांचे पायस कारखान्यातच कठीण केलेले असल्याने ते वितळण्याचे भय उरलेले नाही. तथापि कोमट विद्रावातून एकदम गार पाण्यात किंवा उलट नेल्यास पायस अकस्मात आकुंचन वा प्रसरण पावून त्यावर सूक्ष्म सुरकुत्यांचे जाळे पडण्याचा धोका असतो. यास जालिकायन म्हणतात. एकदा पडलेले जाळे काढता येत नाही. म्हणून सर्व विद्राव व धुण्याचे पाणी यांच्या तापमानांत ३° से.पेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये, असा संकेत आहे. कृष्णधवल कामात प्रमाण तापमान नेमके गाठण्यापेक्षा सर्व टप्प्यांवर एकच तापमान टिकविणे अधिक महत्त्वाचे ठरते. उन्हाळ्यात २०° से.चा अट्टहास न धरता २४° से.ला काम करून वेळ कमी करणे केव्हाही श्रेयस्कर.

घरगुती संस्करण महाराष्ट्राला नवे नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाच्या फिल्मचे संस्करण दादर येथील त्यांच्या राहत्या घरी होत असे आणि फिल्मला छिद्रे पाडणे, ती विकसित करणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत असत. त्या काळच्या मऊ पायसासाठी उष्ण प्रदेशात विशेष विद्राव वापरावे लागत. विकासकात सोडियम सल्फेट मिसळल्यास जिलेटीन कमी फुगते. विकसनानंतर दर लिटरला ३० ग्रॅ. क्रोम तुरटी व ६० ग्रॅ. सोडियम सल्फेट असलेल्या विद्रावात फिल्म बुडवून पायस कठीण करीत. या युक्तीने ३०° से.च्या वरही काम निभावता येई. बर्फ मिळत नसलेल्या गावी छायाचित्रकारास हाच आधार होता.

रंगीत फिल्म : रंगीत फिल्मच्या बाबतीत सवलत फारच थोडी असते. तिच्यात निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशास संवेदी असे थर एकावर एक असतात आणि विकासक वरच्या थरातून झिरपत खाली पोहोचतो. तापमान चुकल्यास तिन्ही थरांचे विकसन निरनिराळ्या प्रमाणात होते; छायेत एक रंगझाक व उजळ भागात दुसरी, असा दोष उत्पन्न होतो आणि मुद्रणाच्या वेळी तो दुरुस्त करता येत नाही. सी-२२ या आधीच्या पद्धतीत विकासकाचे तापमान २४° से. होते. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९७२ मध्ये प्रचारात आणलेल्या व पुढे जगभर रूढ झालेल्या सी-४१ पद्धतीत ते ३७·८° से. (१००° फॅ.) असून त्यात केवळ ०·१५° से. इतकाच फरक चालतो; विकसनाचा काल ३ मिनिटे १५ सेकंद असतो. पारदर्शिकांसाठी असलेल्या ई-६ पद्धतीतही पहिल्या विकासकाचे तापमान ३८° से. ठेवावे लागते. ही काटेकोर मर्यादा फक्त विकासकाला लागू आहे, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. सी-४१ मध्ये विरंजक व स्थिरीकारक यांना ३° से.पर्यंतचा फरक चालतो, तर धुण्याचे पाणी २४° ते ४१° से. यांमध्ये कितीही चालते. सर्व पाणी ३७·८° से.वर आणण्याचा खटाटोप म्हणूनच अनाठायी होय.

३७·८° से. हे ज्वराच्या मोजमापातील परिचित तापमान आहे. ज्वरमापकावर ३५° ते ४२° से. या टप्प्यात ०·१° से.च्या खुणा असतात. अंधारखोलीतील तापमापक त्याच्याशी पडताळून घेणे हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. पाण्याचे तापमान ४२° से.च्या खाली असल्याची खात्री करूनच ज्वरमापक बुडवावा, अन्यथा पाऱ्याची नळी फुटते.

यंत्र : घरगुती यंत्रात फिल्म गुंडाळलेला प्रकाशरोधी दंडगोल डबा कोमट पाण्याच्या उथळ कुंडात आडवा ठेवून विजेच्या मोटरीने फिरवितात. विद्रावांच्या बाटल्या त्याच कुंडात उभ्या असतात. कुंडात विद्युत् तापक, थर्मोस्टॅट व पाणी खेळते ठेवणारा पंप असतो. पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त असल्याने कुंडाचे तापमान सावकाश बदलते आणि काही काळ वीज गेली तरी चालू असलेले विकसन पार पडते. डबा मात्र हाताने फिरवावा लागतो. १० लि. पाणी १८° वरून ३८° से.पर्यंत नेण्यास १,००० वॉटच्या तापकाला सु. १४ मिनिटे लागतात. पूर्ण स्वयंचलित यंत्रे याहून परावलंबी असतात. ती धुण्याचे पाणी नळातून स्वतः घेतात व सोडतात, त्यामुळे त्यांना योग्य तापमानाचे पाणी पुरेशा दाबाने सतत पुरवावे लागते.

मिश्रण झडप : असा पुरवठा सामान्यतः तापनियंत्रित मिश्रण झडपेने करतात. तीत गरम व गार पाणी एकत्र येते आणि मेणाच्या वा द्विधातूच्या घटकाच्या प्रसरण-आकुंचनामुळे दोहोंचे प्रमाण आपोआप बदलते. दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा असणे तिच्या अचूकपणासाठी आवश्यक असते. गच्चीवरील टाकी नळापासून ३ मी. उंच असेल, तर दाब दर चौ. सेंमी.ला फक्त ०·३ किग्रॅ. इतका मिळतो, पुष्कळ झडपांना तो अपुरा पडतो. गिझर व गार पाण्याचा नळ एकाच टाकीवरून घेतल्यास दाबातील तफावत तरी टळते. बंबातील पाणी झडपेला जोडता येत नाही, ते बादलीत मिसळूनच वापरावे लागते. थोड्या फिल्मांसाठी तेवढे पुरेसे असते.

परभणीतील परिस्थिती : जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते, तर हिवाळ्यातील थंडीच्या लाटेत रात्रीचे तापमान १०° से.च्याही खाली उतरते. गच्चीवरील टाकीतील पाणी हवेबरोबर बदलत राहते. जानेवारीत सकाळी ते १६° से. असल्यास ६०° से.चे गरम पाणी निम्मे व हे निम्मे मिसळून ३८° से. मिळते. मेमध्ये उन्हात तापलेल्या टाकीतील पाणीच ४०° से.हून अधिक होऊ शकते. मग मिश्रण झडप कितीही उत्तम असली तरी निरुपयोगी. कुंडाचीही तीच गत होते. खोलीचे तापमान ४०° से. असता थर्मोस्टॅट तापक बंद करू शकतो, पाणी गार करू शकत नाही. काही यंत्रांना यासाठी गार पाणी आत सोडणारी विद्युत् झडप बसविलेली असते, पण तिच्यापुढे गार पाणी असावे लागते.

ते मिळविण्याचे साधन विहीर. भूजलाचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास असते. परभणीत ते सु. २७° से. धरता येईल. आड किंवा विंधण विहिरीतून ताजे उपसलेले पाणी त्यामुळे उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात कोमट लागते. अशा पाण्याचे दोन भाग व ६०° से.च्या पाण्याचा एक भाग हे प्रमाण बाराही महिने ३८° से. देते. मात्र उपसलेले पाणी टाकीत साठवून उन्हात ठेवल्यास हा लाभ नाहीसा होतो.

दुसरे साधन बाष्पीभवनाचे. हवा ४२° से. व तिची सापेक्ष आर्द्रता २०% असता आर्द्र तापमान सु. २४° से. असते. रांजण किंवा माठातील पाणी सावलीत, वाऱ्यावर ठेवल्यास यापेक्षा काही अंशच वर राहते. उन्हाळ्यात घरोघरी लावले जाणारे कूलर याच तत्त्वावर चालतात. कूलरच्या टाकीत तांब्याच्या नळीचे वेटोळे बुडवून त्यातून यंत्राचे पाणी नेल्यास ते पुरेसे गार होते. कूलरमधील पाणी प्रत्यक्ष वापरू नये, कारण बाष्पीभवनाने त्यातील क्षारांचे प्रमाण वाढलेले असते. पावसाळ्यातील दमट हवेत ही युक्ती चालत नाही, पण त्या वेळी तिची फारशी गरजही नसते. कृष्णधवल कामासाठी २०° से. हवेच असल्यास बर्फ लागतो. १० लि. पाणी २८° वरून २०° से.वर आणण्यासाठी ८० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते व त्यासाठी सु. ८०० ग्रॅ. बर्फ पुरतो. तो बाहेरच्या कुंडात टाकावा. विकासकात टाकल्यास विद्राव विरल होतो. याउपर सर्वांत बिनखर्ची उपाय म्हणजे उन्हाळ्यात पहाटे काम करणे.

धावन व पाण्याची काटकसर : वाहत्या पाण्यात फिल्म धुण्याची जुनी रीत अवर्षणाच्या वर्षी परवडणारी नाही. मिनिटाला ५ लि. या प्रवाहाने २० मिनिटे धुतल्यास एका फिल्ममागे १०० लि. पाणी खर्च होते. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात एवढे पाणी मागणे अशक्यच. इल्फर्ड कंपनीने सुचविलेल्या रीतीत कठिनीकरण न करणारा स्थिरीकारक वापरल्यास डबी भरून ५ वेळा उलटसुलट करतात, पाणी बदलून १० वेळा व पुन्हा बदलून २० वेळा. एका फिल्मच्या डबीला यात एक लिटरच्या आसपास पाणी पुरते. स्थिरीकारकाचे विसरण फिल्ममधून स्वच्छ पाण्याकडे होत असल्याने सतत प्रवाहापेक्षा पाणी पूर्णपणे बदलणे अधिक कार्यक्षम असते. शिवाय एवढे थोडे पाणी योग्य तापमानावर आणून बाटल्यांत भरून ठेवता येते, त्यामुळे बहुतेक घरांत मिश्रण झडपेची गरजच उरत नाही.

परभणीचा भूप्रदेश काळ्या पाषाणाचा म्हणजे बेसाल्टचा असून विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे असतात. अशा कठीण पाण्यात कार्बोनेटयुक्त विकासक तयार केल्यास पांढरा साका बसतो, फिल्म वाळल्यावर तिच्यावर डाग राहतात आणि तापकावर पुटे चढून त्याची कार्यक्षमता घटते. विकासकासाठी उकळून निवळलेले पाणी घ्यावे किंवा त्यात सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट मिसळावे. अखेरचे खळबळणे ऊर्ध्वपातित पाण्यात करावे. गाळ अडविण्यासाठी यंत्राच्या तोंडाशी गाळणी बसवितात. धुण्याचे शेवटचे पाणी झाडांना घालता येते, परंतु वापरलेल्या स्थिरीकारकात विरघळलेले रौप्य असल्याने तो जमिनीत वा आडाजवळच्या मोरीत सोडू नये. लोखंडाचा कीस टाकून ठेवल्यास त्यातील बरेचसे रौप्य तळाशी बसते.